आईच्या नाचातली ही दोन ओळींची पावलं कुठली असतील?

खळ्यातली:

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यातली, आचऱ्याच्या बाजूची. माघात आई गेली. दोन गोष्टी विचारायच्या आहेत, पण ती नाचायची कशी हे कळल्याशिवाय प्रश्न कळणार नाही, म्हणून जरा लांबेल.

आईचं माहेर शिरोड्याजवळ, आजोबा मिठागरावर कामाला. १९७४ साली लग्न होऊन ती आमच्या गावी आली. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झालाच नव्हता, सगळी रत्नागिरी. एसटी बदलत बदलत माहेरी पोचायला तिचा दिवस मोडायचा, म्हणून जाणं व्हायचं ते फक्त मे महिन्यात. पुढे मामा मुंबईला गिरणीत लागला, आजी-आजोबा गेले आणि ते घरही बंद झालं. माहेराहून तिने काय आणलं असं कुणी विचारलं तर मी तिची पावलं म्हणेन.

आमच्याकडे गणपतीत रात्री पुरुषांची भजनं होतात. चहा, उसळ-पाव झाला, मृदंग-पेटी बाजूला गेली की पडवी बायकांची. मग फुगड्या. फुगडी म्हणजे गरगर फिरणं असं ज्यांना वाटतं त्यांनी आईचे पाय बघायला हवे होते. दोघींचे चवडे समोरासमोर भिडलेले, हातांची फुली करून घट्ट धरलेली, अंग मागे झोकलेलं आणि पावलं इतकी बारीक की दोघी जागच्या हलत नाहीत, फक्त फिरतात. जोडीदारीण अंगाने मोठी असेल तर आई आणखी मागे कलायची, बारकी असेल तर कमी. समोरच्या बाईचा भार हातांना लागताच तिला ते कळायचं. मला शिकवताना पहिला धडा एकच: "खाली बघू नको गो, कुंकवाक बघ." समोरच्या कपाळावर नजर खिळली की भोवळ येत नाही. भोवतालचं सगळं पुसलं जातं आणि ते लाल टिकलीएवढं कुंकू तेवढं जाग्यावर राहतं. अजूनही फुगडी म्हटली की मला ते कुंकूच दिसतं.

बसफुगडी ती साठी उलटल्यावरही घालायची. एका हाताची, दंडफुगडी, चौघींची, सगळ्या यायच्या. आषाढभर लावणीत पाय चिखलात असायचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी सोललेली असायची. चतुर्थीच्या आदल्या रात्री हळद आणि खोबरेल कढवून लावायची आणि दुसऱ्या रात्री उभी. दुखत नाही का विचारलं तर म्हणायची, फिरताना दुखत नाही, थांबल्यावर दुखतं.

भावाने घर दुरुस्त केलं तेव्हा पडवीला टाइल्स घालायच्या ठरल्या होत्या. आईने जन्मात कधी घराच्या खर्चात तोंड घातलं नाही, पण त्या दिवशी गवंड्याला तिने स्वतः सांगितलं की पडवीत लादी नको, कोबा कर आणि तो फार घोटू नको. भाद्रपदात बायका पावसातून ओल्या पायांनी येतात, गुळगुळीत जमिनीवर पडतील. भावाने एका शब्दाने वाद घातला नाही. आज सगळ्या घरात टाइल्स आहेत आणि पडवीत तो खरखरीत कोबा आहे. आमच्या वाडीत फुगडीसाठी जमीन राखलेलं ते एकच घर.

२००३ मध्ये बाबा गेले. त्या वर्षी आमच्याकडे फुगडी झाली नाही. पुढच्या वर्षी बायका जमल्या, पण आई भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागी गाणी सांगू लागली. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. फक्त कुणी हात पुढे केला नाही. आमच्याकडे असंच होतं, तोंडाने कुणी काही बोलत नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही ती भिंतीलाच बसली होती. दोन-तीन फुगड्या झाल्यावर माझी काकी, म्हणजे आईची धाकटी जाऊ, समोर येऊन उभी राहिली.

"वयनी, बसलात कित्याक? उठा बघया."

आई म्हणाली, "माज्या कपाळार आता काय बघतलंस गो?"

"तुमका बघतलंय."

आणि काकीने तिला हाताला धरून ओढलं. पडवीत गाणं थांबलं होतं. त्या दोघी नुसत्या तोंडाने फू फू करत फिरल्या, मग एकेक करून बायकांनी गाणं उचललं. मी कोपऱ्यात लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यानंतर आई कधी भिंतीला बसली नाही. गुडघे गेले तेव्हा फुगडी सुटली, पण फेर धरायला उभी राहायचीच, शेवटच्या गणपतीपर्यंत.

आता पहिला प्रश्न. गौरी जायच्या आदल्या रात्री, सगळं संपत आलं की आई बायकांना दोन ओळींत समोरासमोर उभं करायची. एका ओळीतल्या बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून घट्ट जोडलेल्या, तशीच समोरची ओळ. एक ओळ गाण्याची कडी म्हणत, कमरेत वाकत पुढे जायची, समोरची मागे सरायची. मग ती कडी समोरची ओळ घ्यायची आणि पुढे यायची. टाळ्या नाहीत, उड्या नाहीत, गिरकी नाही. अगदी संथ. फुगडीने धापा टाकणाऱ्या बायका त्यात शांत व्हायच्या. वाडीत त्याला 'शिरोड्याची ओळ' म्हणतात, पण ते नाव आमच्याच बायकांनी दिलेलं. आईला विचारलं की हे काय आहे, तर ती म्हणायची, "हय तेका नाव नाय." इथे त्याला नाव नाही, एवढंच. आसपासच्या गावांत विचारलं, कुणी असं करत नाही. हे कुठलं असेल?

दुसरा प्रश्न अवघड आहे. वर्ष फिरलेलं नाही. भाऊ म्हणतो, यंदा गणपती दीड दिवसाचा आणू, पूजा करू, पण फुगड्या नकोत, आईला जाऊन सहा-सात महिने झालेत. काकी म्हणते, त्या पडवीत यंदा फुगडी झाली नाही तर तिला काय वाटेल. दोघांचं प्रेम मला दिसतं. भावाने आईसाठी कोबा राखला आहे, त्याला दगड म्हणायची माझी छाती नाही. तुमच्याकडे काय करतात? आणि तुम्ही काय कराल?


मांडावरची:

ताई, मी आरोंद्याकडची, तेरेखोलच्या खाडीकाठची. तुमचं वाचता वाचता मध्येच उठून आईला हाक मारली आणि ती दोन ओळींची जागा तिला वाचून दाखवली. तिने पुढचं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, ह्ये धालो.

धालो आमच्या दक्षिणेकडच्या गावांत आणि पलीकडे गोव्यात घालतात. तुमच्या बाजूला नाहीत, म्हणून तुम्हाला ओळख लागली नाही. आणि मे महिन्यात माहेरी जाणाऱ्या मुलांना ते दिसणारही नाहीत, कारण धालो पौषातले. भात घरात आलेलं असतं, रात्री थंडी, जेवणंखाणं आटोपली की बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे गावाने ठरवलेली जागा. कुणाच्या घरापुढचं अंगण असेल, कुठे मोकळी जागा. तिथे दिवा लावतात, नारळ ठेवतात, गाऱ्हाणं होतं आणि मगच ओळी उभ्या राहतात. किती रात्री घालायचे ते ज्या त्या मांडाचं ठरलेलं. कमरेत हात, वाकून पुढे, वाकून मागे, कडी एका ओळीने म्हणायची आणि दुसरीने उचलायची, तुम्ही लिहिलंय तसंच. शेवटच्या रात्री बायका सोंगं काढतात, कुणाच्या अंगात अवसर येतो. पुरुषांनी त्या वेळी मांडाकडे फिरकायचं नसतं. आमच्या घरातले पुरुष त्या रात्री माजघरातच बसून असतात.

ते वाकणं जमिनीसाठी आहे असं माझी आई सांगते. गाण्यांतही धरतरी येते, झाडं येतात, वाडीच्या राखणदाराला हाका असतात.

आता तुमच्या आईच्या बोलण्याबद्दल. "हय तेका नाव नाय" हे वाचून माझी आई गप्प झाली. मग म्हणाली, बरोबरच बोलली ती. मांड नाही, पौष नाही, दिवा-नारळ नाही, तर त्याला धालो कसं म्हणणार? म्हटलं तर तो मांडाचा अपमान. सासरी मांड नव्हता म्हणून तिने नाव माहेरी ठेवलं आणि पावलं तेवढी घेऊन आली. गौरीही माहेरवाशीण, तिला पाठवायच्या आदल्या रात्री ती पावलं घालत होती म्हणता. मला वाटतं, तिने रात्रसुद्धा विचार करून निवडली असेल.

तुमच्याकडे त्या ओळींत म्हणायच्या गाण्यांतल्या एक-दोन कड्या असतील तर मला पाठवा. इथे जाहीर नको, निरोपात पाठवा. आई ऐकून सांगेल की ती गाणी मांडावरची आहेत की तिने तुमच्याकडची फुगडीची गाणी त्या पावलांवर बसवली. दुसरं असेल तर तेही मोठंच काम म्हणायचं.


दाभोळखाडी:

ताई, माझं वय झालं आहे, म्हणून जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. यंदा थांबा असं मला वाटतं. शास्त्र काय म्हणतं ते भटजींना विचारा, मी त्यावर बोलत नाही. मी तुमच्या भावाबद्दल बोलतो. ज्या पडवीत आईला बघितलं त्याच पडवीत यंदा बायका फिरताना बघणं त्याला झेपणार नसेल. पुरुष हे सांगत नाहीत, ते रीत पुढे करतात. माझे वडील गेले त्या शिमग्यात पालखी आमच्या दारात आली, तेव्हा ती नाचवू नका असं मी मानकऱ्यांना सांगितलं होतं. कारण रीत सांगितली. खरं कारण हे की वडील पालखीचा खांदा द्यायचे आणि त्या खांद्याखाली दुसरा माणूस मला त्या वर्षी बघवला नसता. पुढच्या वर्षी तो खांदा मीच दिला.

वर्ष फिरलं की पडवी पुन्हा भरवा. भावाला थोडा अवधी द्या.


तेरडा:

दाभोळखाडी, तुमचं मनापासून पटलं, तरीही मी उलट सांगणार आहे.

आमच्याकडे राजापूर बाजूला वर्षाच्या आत गणपती साधा करतात, हे खरं. आरास नाही, मोठा नैवेद्य नाही, पाहुण्यांना मुद्दाम आवतण नाही. पण मी पाहिलेल्या प्रत्येक घरात 'साधा' म्हणजे काय हे घरच्यांनीच ठरवलं. एका घरात गोड शिजवलं नाही, दुसऱ्या घरात गेलेल्या आजोबांना मोदक आवडत म्हणून फक्त मोदकच केले. दोन्ही घरांनी आपलं माणूस नीट पोचवलं.

आणि खळ्यातली ताई, तुम्ही सांगितलेल्या सगळ्यात मला काकींनी हात धरला ती रात्र मोठी वाटते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. मी तेव्हा आमच्या ग्रामसभेत तो विषय मांडला होता. चर्चा झाली, माना हलल्या, आणि पुढच्या हळदीकुंकवाला माझ्या विधवा आत्येला पुन्हा कुणी बोलावलं नाही. ठराव हवेतच, मी त्यांच्यासाठी भांडत राहीन. पण तुमच्या काकींनी त्याआधी कितीतरी वर्षं, कागद नाही, सही नाही, जावेला भिंतीपासून उठवलं. ते काम फुगडीने केलं. त्या बाईला, जी आज जावेसाठी पडवी मागते आहे, तिला यंदा 'रीत नाही' म्हणून सांगायचं? माझ्याने नाही सांगवणार. ज्यांनी नाचायचं त्यांनी ठरवावं, आणि तुमच्या घरात नाचायचा पहिला हक्क आता काकींचा आहे.

दोन ओळी पडवीत उभ्या करायला काय हरकत आहे? त्यात गरगर फिरणं नाही, उड्या नाहीत. तुमच्याच शब्दांत, बायका शांत होतात. भावालाही कदाचित ते चालेल.


खळ्यातली:

मांडावरची ताई, तुमचा प्रतिसाद मी काकीला फोनवर वाचून दाखवला. तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, एकदा पौषात आई रात्री खळ्यात एकटीच उभी होती, थंडी फार होती, काकीने विचारलं काय झालं, तर आई म्हणाली, आज आमच्याकडे मांड असेल. काकीला तेव्हा वाटलं, कसला तरी देवाचा मांड असेल. इतकी वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

कड्या पाठवते. मला त्यांतल्या पूर्ण येत नाहीत, काकीला जास्त येतात.

दाभोळखाडी काका, तुमचं पालखीचं वाचून मी भावाशी आधी का बोलले नाही असं झालं. बोलते.


चाळ_उजव्या_पायात:

मी गुहागर तालुक्यातला. आमच्याकडे गौरी-गणपतीत फुगडीइतकंच जाखडीचं वेड, मुंबईकर ज्याला बाल्या नाच म्हणतात तो. मध्ये शाहीर, मृदंग, झांज घेऊन बसलेले आणि भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण, एका पायात घुंगरांची चाळ. शक्तीवाले नि तुरेवाले असे गाणाऱ्यांचे दोन पक्ष रात्रभर सवाल-जवाब करतात. आमच्या लहानपणी यात बाई नव्हती. नाचणारे पुरुष, गाणारे पुरुष, बायका बाजूला चादरी टाकून बघायला.

माझे वडील नाचणाऱ्यांत होते आणि त्यांना नाच माझ्या आईने शिकवला, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. ती बघून बघून शिकली होती. घरी आल्यावर वडिलांना सांगायची, तिसऱ्या ठेक्याला तुमचा पाय उशिरा पडतो. वडील म्हणायचे, दाखव. मग मागच्या दाराला, चुलीजवळच्या जागेत ती त्यांची चाळ बांधून दाखवायची. खाली गोणपाट घालायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. मी आणि बहीण दारात राखण बसायचो. ती इतकी नेमकी नाचायची की आम्हाला रिंगणातले पुरुष पुढे अर्धे कच्चे वाटायचे.

आता आमच्याकडे बायकांची जाखडी मंडळं झाली आहेत. आईच्या बचत गटातल्या बायकांनी मंडळ काढलं तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. पहिल्या रात्री वडिलांनी स्वतःच्या हाताने तिच्या पायात चाळ बांधली, सगळ्यांसमोर, देवळाच्या आवारात. मी त्या वेळी मुंबईत ड्युटीवर होतो, मला बहिणीने सांगितलं, आणि ते न बघितल्याची हळहळ मला आजही आहे. म्हणून सांगतो, ताई, जे अजून बघता येतं ते बघा. काकी आहेत तोवर त्यांच्याकडून तुमच्या मुलीला फुगडी येऊ दे. स्पर्धेसाठी शिकवतात तशी नको. हल्ली मंचावर एकसारख्या साड्या नेसून फुगड्यांच्या स्पर्धा होतात, त्याही होऊ देत, कितीतरी बायका त्या निमित्ताने घराबाहेर पडतात. पण मंचावर बायकांना प्रेक्षकांकडे तोंड करून नाचावं लागतं. रिंगणाला पुढची बाजू नसते.


रातांबा:

धालो आणि रीत यावर जाणत्यांनी लिहिलं आहेच. मी फक्त ही गाणी-नाच फोनवर टिपून ठेवण्याचं सांगते, कारण मी माझ्या आजीच्या ओव्या अशाच गोळा केल्या.

काकींना एकटीला बसवून 'म्हण' म्हणू नका. एकटीला गाणं आठवत नाही. समोर दुसरी ओळ असेल तरच पुढची कडी तोंडात येते. वाडीतल्या जुन्या बायकांना एकत्र बोलवा, हाताला काहीतरी काम द्या, फणसाच्या बिया सोलू देत, कोकमं फोडू देत. फोन मध्ये ठेवून विसरून जा. नाचाचं चित्रण वेगळं घ्या, आणि एकदा तरी फोन जमिनीलगत ठेवून फक्त पाय घ्या. चेहरे सगळे घेतात, पावलं कुणी घेत नाही, आणि शिकायला पावलंच लागतात. शब्द लिहून घेताना मालवणी जशी कानावर आली तशीच लिहा, शुद्ध करू नका. कोण कुठल्या गावची, माहेर कुठलं, हे प्रत्येकीच्या नावापुढे लिहून ठेवा. तुमच्या आईच्या बाबतीत सगळा उलगडा माहेरच्या नावावरूनच झाला ना.


खळ्यातली:

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगते.

भावाशी बोलले. दाभोळखाडी काकांनी लिहिलं तसंच निघालं. तो म्हणाला, रिती-बितीचं मला फारसं काही नाही, पण गौरीच्या रात्री मी पडवीच्या दारात उभा राहून आईला बघायचो, यंदा कुठे बघू? मी त्याला जाखडीवाल्या दादांचं वाचायला दिलं, गोणपाटाचं. तो वाचून बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, फुगड्या नकोत, पण आईच्या त्या ओळी होऊ देत, काकी म्हणेल त्या रात्री. गणपती दीडच दिवस असेल, तर ती रात्र एकच आहे. काकीने लगेच वाडीतल्या बायकांना कळवलं. कुणी नवी साडी नेसायची नाही आणि जेवणात फक्त पेज-भाजी, हे दोन नियम तिने घातले. कोबा यंदा पावसात हिरवा झाला आहे, तो घासायचं काम भावाने घेतलं आहे.

मांडावरची ताईंच्या आईने कड्या ऐकल्या. त्यांचा निरोप असा की तीन कड्या मांडावरच्या आहेत, शब्द थोडे बदललेत, आणि बाकी सगळी आमच्याच गावच्या फुगडीची गाणी आहेत, चाल संथ करून त्या पावलांवर आणलेली. म्हणजे आईने दोन गावं एका ओळीत उभी केली होती. पन्नास वर्षं आम्ही ते नाचत होतो.

मांडावरची ताई, तुम्ही निरोपात पौषात आरोंद्याला यायला सांगितलंत, मी, काकी आणि माझी लेक येतोय. आम्ही नुसतं बघू, अजून वर्ष व्हायचं आहे, पण तुमच्या आईने ओळीत या म्हटलं तर काकी ऐकेल असं मला वाटत नाही, ती उभी राहणारच. भाऊ गाडी घेऊन येईल. मांडाकडे पुरुषांनी फिरकायचं नसतं हे मी त्याला सांगितलं आहे, तर त्या रात्री तो तुमच्या घरच्या पुरुषांबरोबर माजघरात बसला तर चालेल ना? रात्री नक्की किती वाजता सुरू होतं आणि काकीला बसायला खुर्ची न्यावी का, तेवढं कळवा. तिचेही गुडघे आता दुखतात.